रुखवतातली उंटीण

चोपड्यात कोणाच्या पोरीचं लग्न जमलं, की पत्रिका छापायला टाकण्याआधी त्या घरची बाई सुगंधाबाईकडे येऊन जायची. मांडववाला नाही म्हणाला तर दुसरा मिळतो, आचारी ऐन वेळी पळाला तर भाऊबंद झारा घेऊन उभे राहतात. पण रुखवतातलं जनावर करणारी बाई अख्ख्या तालुक्यात एकच होती, आणि तिला घाई केलेली खपत नसे.

हल्ली रुखवताच्या टेबलावर काय काय असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. थर्माकोलचं देऊळ, मण्यांचा मोर, बिस्किटांचा बंगला, आणि बाजारातून आणून 'घरी केलं' म्हणून सांगितलेलं बरंच काही. सुगंधाबाईचं जनावर या सगळ्यांच्या शेवटी रुमालाखाली झाकलेलं असायचं. ती मुलाच्या आईची, म्हणजे विहीणबाईची, खोडी होती. वऱ्हाडातल्या बायका रुखवत बघायला जमल्या, की सुगंधाबाई चार ओळींचा उखाणा म्हणून रुमाल उचलायची. खाली मुठीत मावेल एवढं, सुताच्या गाठींनी विणलेलं जनावर निघायचं. ते बघितलं की ही आपल्या विहीणबाईंचीच सावली हे लहान पोरालाही कळायचं.

भुसावळच्या एका विहिणीने बस्त्याच्या दिवशी दुकानातली प्रत्येक साडी उलगडायला लावली आणि शेवटी पहिलीच घेतली, तिला उकिरडा उकरणारी कोंबडी मिळाली. एकीच्या पर्समधून दिवसभर शेंगदाणे निघत होते, तिला खार मिळाली. शिरपूरची एक बाई सगळ्यांच्या मध्ये तोंड घालायची, तिला शेळी. भुसावळवाली हसता हसता खुर्चीवरून घसरली होती. तिची कोंबडी अजून टीव्हीवर बसलेली आहे आणि आल्यागेल्याला ती स्वतः दाखवते.

बघणाऱ्यांना वाटायचं, सुगंधाबाई गमतीची बाई आहे. ती तशी होतीच. पण जनावर गमतीसाठी नव्हतं, हे तिने नवऱ्याशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं. तिचं म्हणणं असं, की जी बाई चारचौघींत स्वतःवर हसू शकते, तिच्या घरात सुनेच्या हातून दूध उतू गेलं तरी आभाळ कोसळत नाही. हुंडा नको म्हणणारे, फोटोत सुनेच्या खांद्यावर हात टाकणारे खूप असतात. रुमाल उचलल्यावर तोंड कसं होतं, ते बघावं. जामनेरच्या एका विहिणीला तिने मुंगूस केलं होतं. ती बाई हसली नाही, उलट 'हे कोणाच्या डोक्यातून निघालं' म्हणून विचारत फिरली. त्या घरात गेलेली पोरगी पुढे कितीतरी दिवस आईला फोनवर 'बरं आहे' याच्या पलीकडे काही सांगत नव्हती. सुगंधाबाईला ते मुंगूस अजून आठवायचं.

ही कला तिच्या हाती आली ती जळगावच्या एका दवाखान्यात. सासऱ्यांच्या उशाशी बसून होती तेव्हा केरळची एक नर्स रात्रपाळी संपवून बाकावर बसायची आणि लांब सुईवर दोऱ्याच्या गाठी चढवायची. त्याला टॅटिंग म्हणतात, हे सुगंधाबाईला तिथे कळलं. एकीला मल्याळी, दुसरीला अहिराणी, आणि दोघींचं हिंदी सारखंच मोडकं. पण हात हाताला शिकवतो. घरी आल्यावर तशी सुई कुठे मिळेना. मग पिंजाऱ्याकडून गादी शिवायची सुई आणली, पायरीच्या दगडावर घासून तिचं टोक बोथट केलं आणि कामाला लागली. नर्सने तिला फुलं आणि लेस शिकवली होती. जनावरं हे हिच्या डोक्याचं पीक.

रीत सांगायला सोपी आहे. डाव्या हातातल्या दोऱ्याचा फास बोटाने सुईवर टाकायचा, एक इकडून, एक तिकडून, की एक गाठ झाली. अशा गाठी सुईवर ओळीने चढवायच्या, मग सुई त्यांच्यातून ओढून काढायची आणि दोरा आवळायचा, की गाठींची कडी होते. कडीला कडी जोडत गेलं की पोट होतं, पाय होतात. आत सरकीतून काढलेला घरचा कापूस भरायचा. शेवटी साबुदाण्याच्या खळीत बुडवून वाळवलं, की जनावर आपल्या पायावर उभं राहतं. एक मात्र आहे. क्रोशाचं विणकाम चुकलं तर दोरा ओढून सगळं उसवता येतं. इथे कडी एकदा आवळली की ती आवळली. चुकलं तर कात्री लावायची, दुसरा उपाय नाही. म्हणून सुगंधाबाई सुई हातात घेण्याआधी पुष्कळ विचार करायची, आणि त्या वेळी तिच्याशी बोलायला गेलेला माणूस चहा न घेता परत यायचा.

आणि मग तिच्या स्वतःच्या मोहिनीचं लग्न ठरलं.

मोहिनी बी.फार्म. झालेली, चोपड्यातच औषधाच्या दुकानात बसणारी. मुलगा हितेंद्र धुळ्याचा, डेअरीत सुपरवायझर. पोरगा सरळ होता, चहा पिऊन कप स्वतः आत नेऊन ठेवणारा. त्याचे वडील रतिलालनाना बोलके, ओळख नसलेल्या माणसालाही केळीचा भाव विचारणारे. अडचण होती ती आईची. कोकिळाबाई नाव, पण आवाज ऐकायला मिळेल तर शपथ. उंच बाई, मान ताठ, हनुवटी वर, ओठ घट्ट मिटलेले. काही विचारलं की मान हलवायची, फार तर 'हां' किंवा 'ऱ्हाऊ द्या'.

बस्ता धुळ्याला होता. दोन्हीकडची माणसं दुकानात गादीवर बसलेली, साड्यांचे ढीग पडलेले, मालकाने सगळ्यांना भत्ता मागवलेला. खमंग कुरमुरे, शेव, शेंगदाणे, वर कांदा. रतिलालनानांनी दोन प्लेटा संपवल्या. कोकिळाबाईंनी प्लेट हातानेच बाजूला सारली. सुगंधाबाईने घरून चोपड्याचे पेरू नेले होते, आपल्या हाताने चिरून, तिखटमीठ लावून पुढे केले.

"घ्या ना इहीणबाई, आमना घरना झाडना शेतस."

कोकिळाबाईंनी पेरूकडे बघितलं, सुगंधाबाईकडे बघितलं, वरूनच, आणि मान हलवली. "ऱ्हाऊ द्या," एवढंच. नंतर फक्त चहा घेतला, तोही निववून. साड्या बघतानासुद्धा त्यांची मान खाली झुकली नाही. डोळे तेवढे खाली करून त्या पोताकडे बघत राहिल्या, जसं काही साडीनेच वर येऊन ओळख द्यायची.

परतीच्या गाडीत प्रेमराज झोपले. हे सुगंधाबाईचे यजमान, जिनिंग मिलमध्ये मुकादम होते, आणि गाडी सुरू झाली की त्यांचा डोळा लागायचा. सुगंधाबाई खिडकीतून बाहेर बघत होती. शिरपूरच्या अलीकडे धनगरांचा तांडा मेंढरं घेऊन चालला होता आणि मागे सामान लादलेला उंट. मान वर, हनुवटी वर, खालचं जग आपल्या गावचंच नाही असं तोंड. तिला बस्त्याचं दुकान आठवलं आणि ती तिथेच मनात म्हणाली, सापडलं.

पण घरी पोचेपर्यंत तो आनंद ओसरला. एवढी वर्षं ती परक्यांच्या पोरींची परीक्षा बघत होती. खरं तर परीक्षा विहिणींची, पण निकाल भोगायचा असतो पोरीला. आता पोरगी आपली.

मोहिनीने रात्री भाकरी थापता थापता विषय काढला. "मम्मी, माझ्या रुखवतात जनावर नको."

"का बरं?"

"नको म्हणजे... कर, पण हंस कर. जोडी. पांढरी. छान दिसेल."

"हंस? हंस काय कोनी बी करी."

"म्हणूनच म्हणते ना. त्या आईंची खोडी काढू नको. प्लीज."

सुगंधाबाईने लेकीकडे निरखून बघितलं. पोरगी तव्यावरची भाकरी उलटण्यात गुंतली होती, वाजवीपेक्षा जास्तच. घाबरली आहे, आईने ठरवलं. लग्नाआधीच सासूला घाबरली. आणि या विचाराने तिचा पीळ जास्तच घट्ट झाला.

प्रेमराजही जेवताना म्हणाले, "आपली पोरनं लगीन शे, सुगंधा. दुसरास्ना घरनी गंमत येगळी. उगा इंगळाशी खेळू नको."

"इंगळ शे का राख शे, ते आधी समजाले नको का?"

"आनि समजनं तर काय करशी? लगीन मोडशी?"

खरं होतं ते. लग्न लागल्यावर रुखवत बघतात. तोपर्यंत अक्षता पडलेल्या असतात. काही मोडायचं नव्हतं. पण निदान कळेल, ती स्वतःला सांगत राहिली. विहीण हसली तर आपण निश्चिंत. नाही हसली तर आपण जागे राहू, आठवड्याला जाऊन येऊ, फोनवर 'बरं आहे' ऐकून गप्प बसणार नाही. हंस केला तर मात्र काहीच कळणार नाही, आणि आपण जन्मभर 'बरं असेल' म्हणत बसू. तिने दोन दिवस सुईला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी चहाच्या पाण्यात रंगवलेला पिवळट दोरा काढला आणि उंटिणीच्या पोटाची पहिली कडी आवळली.

पोट, पाय, मदार हे सहज झालं. छळलं ते मानेने. उंटाची मान कमानदार, पण उभी हवी. इथे कापूस भरला की ती लुळी पडून कोंबडी कापल्यासारखी दिसे. सुगंधाबाईने दोन माना कात्रीने कापून टाकल्या, स्वतःला चार शिव्या दिल्या आणि तिसऱ्या वेळी कड्या मागच्या बाजूला लहान आणि पुढच्या बाजूला मोठ्या घेत गेली, म्हणजे मान आपोआप मागे वाकली आणि ताठ राहिली. मग आलं तोंड. वरचा ओठ तिने घट्ट कड्यांचा केला आणि त्याखाली खालचा ओठ, किंचित पुढे आलेला, गच्च मिटलेला. खळीत बुडवून उंटीण खिडकीत वाळत ठेवली तेव्हा तिचं तिलाच हसू आवरेना. कोणालाही न सांगता धुळ्याची विहीण चोपड्याच्या खिडकीत उभी होती.

तो ओठ आपल्याला एवढा छान जमला याचा तिला फारच गर्व झाला. त्याच ओठाने पुढे तिला घाम फोडला.

लग्न वैशाखात, चोपड्याच्याच एका मंगल कार्यालयात. पंखे होते तेवढे फिरत होते आणि गरम हवा इकडची तिकडे करत होते. दुपारी अक्षता पडल्या, पंगती बसायच्या आधी धुळ्याच्या बायका रुखवताच्या टेबलाभोवती जमल्या. सुगंधाबाईचं नाव त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. एकमेकींना कोपराने ढोसत त्या झाकलेल्या रुमालाकडेच बघत होत्या. कोकिळाबाई मधोमध, जरीची साडी, मान वर, ओठ मिटलेले. मोहिनी नवऱ्याशेजारी थोडी मागे उभी होती. आईकडे बघून तिने हळूच मान हलवली, नको म्हणून. आई बघून न बघितल्यासारखं करून पुढे झाली आणि गळा साफ करून म्हणाली,

"उंटीण आली धुळ्याहून, उंच तिची मान,
खाली उभे सोयरे, त्यांचं नाही भान.
खाईना की बोलेना, ओठ घट्ट मिटे,
विहीणबाई, सांगा आता, हिला काय वाटे?"

आणि रुमाल उचलला.

बायकांत एकदम हशा उसळला. धुळ्याच्या बायकाच जास्त हसल्या; त्या कोकिळाबाईंना रोज बघत होत्या. रतिलालनाना कुठून तरी डोकावले आणि टाळी वाजवून गेले. सुगंधाबाई मात्र कोणाकडे बघत नव्हती. तिचे डोळे एकाच तोंडावर होते.

ते तोंड हसलं नाही. कोकिळाबाईंनी उंटीण उचलून डोळ्यांसमोर धरली. मान बघितली, मदार बघितली, आणि नजर ओठावर येऊन थांबली. त्यांचा चेहरा आधी उतरला, मग लाल झाला. त्यांनी पदर तोंडावर घेतला, एकदा मोहिनीकडे बघितलं, चांगलं रोखून, आणि उंटीण पर्समध्ये टाकून बायकांमधून वाट काढत निघून गेल्या. हशा विझला. कोणीतरी कोणाच्या तरी कानात म्हणालं, "तिले लागनं वाटस."

सुगंधाबाईच्या हातात नुसता रुमाल राहिला.

पंगत बसली. वरण-बट्टी, घोटलेल्या वांग्याची भाजी, बुंदी. मानाच्या पंगतीत विहीणबाईंचं पान रिकामं होतं. प्रेमराज बायकोच्या जवळून वाढपाची बादली घेऊन गेले आणि जाता जाता हळूच म्हणाले, "मी सांगेल व्हतं." रागावले असते तर बरं वाटलं असतं. तिला हजार कामं होती, पण एकही सुचत नव्हतं. मोहिनीकडे बघताना ती नजर तिला पुन्हा पुन्हा आठवत होती, कोकिळाबाईंनी पोरीकडे टाकलेली. आपण गंमत म्हणून परीक्षा घ्यायला गेलो आणि पोरीच्या संसाराच्या पहिल्या दिवशीच तिच्या सासूच्या मनात काटा रोवला. हंस केला असता तर काय बिघडलं असतं? तिला रडू फुटायला लागलं, आणि आईचं रडू संध्याकाळसाठी राखून ठेवायचं असतं म्हणून तिने ते गिळलं.

शेवटी तिने एक ताट वाढलं, त्यावर झाकण ठेवलं आणि जानवशाची वाट धरली. वऱ्हाड उतरलेली ती खोली कार्यालयाच्या मागेच होती.

दार नुसतं लोटलेलं होतं. कोकिळाबाई पलंगावर दाराकडे पाठ करून बसल्या होत्या. पावलं ऐकून त्यांनी घाईने पदर तोंडाला लावला आणि न वळताच म्हणाल्या, "कोन शे?"

"मी, सुगंधा. तुम्ही जेवनात नहीत. ताट लई उनी." तिने ताट स्टुलावर ठेवलं. "मनं चुकनं, इहीणबाई. माले माफ करा. पोरवर राग धरू नका."

कोकिळाबाई वळल्या. पदराआडून आवाज विचित्र, भुसभुशीत येत होता. "मना दातस्नं तुमले कोनी सांगं?"

"दातस्नं?" सुगंधाबाईला काही कळेना. "काय सांगं?"

"मोहिनीनी सांगं ना? हितेंद्रनी तिले सांगं, तिनी तुमले सांगं, आनि तुम्ही बठ्ठा गावसमोर ओठ बनाडीसन दाखाडा."

सुगंधाबाईची नजर पलंगाकडे गेली. पलंगावर उशाशी हातरुमाल पसरलेला होता आणि त्यावर गुलाबी हिरडीची, पांढऱ्या स्वच्छ दातांची वरची कवळी होती. शेजारी उंटीण, मान वर करून. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. भत्ता. पेरू. निववलेला चहा. 'ऱ्हाऊ द्या.'

"देवनी आन," ती म्हणाली. "माले काहीच माहीत नही. माले वाटनं, तुम्ही ताठामा शेतस."

"मंग हाऊ व्हट असा कसा करा?"

"उंटना व्हट तसाच ऱ्हास, इहीणबाई."

कोकिळाबाईंनी उंटीण उचलली आणि परत न्याहाळली. त्यांना ते पटावंसं वाटत होतं, पण पटत नव्हतं. "आनि मोहिनी? तिले माहीत नही?"

"तिले कोठून माहीत ऱ्हाई? मी तिनी माय शे, ती मनापाशी..."

"मला माहीत होतं."

दारात मोहिनी उभी होती. एका हाताने शालू वर धरलेला, मुंडावळ्या कपाळावरून बाजूला गेलेल्या, पळत आल्यामुळे धाप लागलेली. आईला ताट वाढून नेताना तिने बघितलं आणि ती मागोमाग निघाली होती.

"यांनी मला बस्त्याच्या आधीच सांगितलं होतं," ती सासूला म्हणाली. "तुमचे दात काढावे लागले, नवीन बसत नाहीत, बोलताना सटकतात, म्हणून तुम्ही बोलत नाही. आणि म्हणाले, आईला फार लाज वाटते, कोणाला सांगू नको. म्हणून मी कोणाला नाही सांगितलं."

"मायले बी नही?" कोकिळाबाईंनी विचारलं.

"मम्मीलाही नाही. मी तिला फक्त म्हटलं, हंस कर. का, ते सांगता येत नव्हतं. ती ऐकते का कोणाचं?"

सुगंधाबाई लेकीकडे बघत राहिली. भाकरीत गुंतलेली ती मान तिला आठवली. ही घाबरलेली नव्हती तर. सासूची गोष्ट हिने स्वतःच्या आईपासून लपवली होती, आणि वर आईचा हट्ट सोसला होता. सुगंधाबाईला वाईट वाटायला हवं होतं, थोडं वाटलंही. पण त्याहून जास्त तिला धन्यता वाटली.

कोकिळाबाईंनी उंटीण पुन्हा डोळ्यांसमोर धरली.

"बरं, व्हट समजना," त्या म्हणाल्या. "आनि हाई मान?"

सुगंधाबाई अडखळली. "तुम्ही मान वर धरतस ना... साड्या देखताना बी..."

"मान खाले करी का वरनी कवळी पडस!" कोकिळाबाई म्हणाल्या. "साडीवर पडती म्हनजे? त्या दुकानदारले काय सांगती मी?"

आणि त्या हसल्या. आधी पदरातच, खांदे हलवत. मग सुगंधाबाईचं तोंड बघून त्यांना आवरेना, पदर सुटला, आणि त्या मोकळ्या, बोळक्या तोंडाने, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत राहिल्या. नावाप्रमाणे आवाज होता बाईचा, गोड आणि मोठा. सुगंधाबाईला वाटलं आपण हसू नये, पण तिचाही बांध फुटला. मोहिनी दारातच खाली बसली आणि शालूत तोंड लपवून हसायला लागली.

"फोटोमा बरं दिसाले दात बसाडात," कोकिळाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "डॉक्टर म्हने, हिरड्या भरतीन मंग बसतीन. तवलोंग हासू नका. मना पोऱ्यानं लगीन, आनि म्हने हासू नका."

मग सुगंधाबाईने ताटावरचं झाकण काढलं. बट्टी तिने हाताने चुरली, अगदी बारीक, वर तूप सोडलं, गरम वरण ओतलं आणि ते मुरेपर्यंत दोघी बोलत बसल्या. तेवढ्या वेळात तिने जनावर का करते ते सगळं सांगून टाकलं. कोंबडी, खार, जामनेरचं मुंगूस, सगळं. कोकिळाबाई ऐकत होत्या. पहिला घास घेऊन त्या म्हणाल्या, "मंग? पास व्हयनी का मी?"

"तुम्ही व्हयनात," सुगंधाबाई म्हणाली. "मीच नापास व्हयनी."

"तुमनी पोर पास व्हयनी," कोकिळाबाई म्हणाल्या, आणि दुसरा घास त्यांनी मोहिनीच्या तोंडात दिला.

संध्याकाळी पाठवणी झाली. गाडीला फुलं लावलेली, चोपड्याच्या बायका रिवाजाप्रमाणे पदर डोळ्यांना लावून तयार. प्रेमराज भिंतीकडे तोंड करून उभे होते, कारण त्यांना रडताना कोणी बघितलेलं चालत नसे. फोटोवाल्याने दोन्ही विहिणींना मुलामुलीच्या दोन बाजूंना उभं केलं आणि सवयीने म्हणाला, "थोडं हसा."

हितेंद्रने काळजीने आईकडे बघितलं. कोकिळाबाईंनी पर्स उघडली. हातरुमालात गुंडाळलेली कवळी तिथेच होती, शेजारी उंटीण. त्यांनी दोन्हींकडे बघितलं, पर्स बंद केली, मान खाली करून सुनेच्या मुंडावळ्या सरळ केल्या आणि कॅमेऱ्याकडे बघून तोंडभर हसल्या, होत्या तशा, सगळ्या धुळ्यासमोर. रतिलालनानांनी जी टाळी वाजवली ती रस्त्यापर्यंत ऐकू गेली.

चोपड्याच्या बायकांनी नंतर नावं ठेवली. एकुलती एक पोरगी सासरी निघाली आणि आई रडली नाही, म्हणाल्या, काळीज आहे का दगड. सुगंधाबाईला ते नंतर कळलं आणि तिने मनावर घेतलं नाही. तिने मोहिनीचा हात कोकिळाबाईंच्या हातात दिला, गाडीचं दार लावलं, आणि गाडी धुळ्याच्या रस्त्याला लागली तेव्हा तिला एवढंच वाटलं, की पोरगी घरीच चालली आहे.